वाढोणा की हिमायतनगर?



यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या गावाचा इतिहास’ या विषयावर चार पाने लिहून द्यावीत, अशी आज्ञा संपादक मंडळींनी आम्हांस केली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि उभी हयात प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात घालविली, एवढीच आमची विद्या. तथापि लेखणी हाती घेतली आणि पहिल्याच ओळीवर अडलो. कोणत्या गावाचा इतिहास लिहावयाचा? वाढोण्याचा की हिमायतनगरचा?

बाहेरगावच्या वाचकांस हा प्रश्न विनोदाचा वाटेल. कारण गाव एकच आहे. महाशिवरात्रीस श्री परमेश्वराची यात्रा भरते ती वाढोण्यास भरते. पण त्या यात्रेस रेल्वेने येणारा मनुष्य उतरतो तो हिमायतनगर स्थानकावर. तहसील कचेरी हिमायतनगरची, नगरपंचायत हिमायतनगरची. आणि शेजारच्या खेड्यातली म्हातारी बाजारास निघाली की ती मात्र ‘वाढोण्याला चालले’ असेच सांगते. एका गावास दोन नावे आणि दोन्ही चालती, अशी ही स्थिती. गाव लहान होते तोवर कोणास त्याची अडचण भासली नाही. हदगाव तालुक्यातील ते एक मोठे खेडे होते. पुढे तालुका झाला, ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, दुकाने वाढली, जागांचे भाव वाढले, आणि गाव जसजसे वाढू लागले तसतशी ‘आता नाव बदला’ ही चर्चाही वाढू लागली. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे बदलल्यापासून तर आपल्या तरुण मंडळींत हा विषय निघाला नाही असा एकही मेळावा आम्हांस आठवत नाही. म्हणून गावाचा सबंध इतिहास लिहिण्याचा आव न आणता त्याच्या नावाविषयीच काही लिहावे, असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम ‘हिमायत’ या शब्दाचा विचार करू. शब्द अरबी, उर्दूतून आपल्याकडे आला. अर्थ पाठराखण, आश्रय, संरक्षण. अर्थ वाईट नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे १९११ साली गादीवर आले आणि १९४८ पर्यंत त्यांची सत्ता या मुलखावर चालली. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाव हिमायत अली खान. आझम जाह या किताबाने ते अधिक ओळखले जात. हैदराबादेजवळचा हिमायतसागर तलाव त्यांच्याच नावाचा. आपल्या गावाचे नावही त्यांच्यावरूनच पडले, असे जुनी माणसे सांगत आली. वडिलांच्या नावे धाराशिवचे उस्मानाबाद झाले, तसेच मुलाच्या नावे वाढोण्याचे हिमायतनगर. राजाने नाव ठेवावे आणि रयतेने ते कागदावर लिहावे, एवढाच त्या काळचा व्यवहार होता. गावास विचारण्याची चाल नव्हती.

परंतु कागदावर लिहिलेले प्रत्येक नाव लोकांच्या जिभेवर बसतेच असे नाही, हेही इतिहासात दिसते. मोगली अमदानीत नाशिकचे गुलशनाबाद झाले होते. आज हे नाव शोधावयास ग्रंथ उघडावे लागतात. औरंगजेबाने पुण्यास मुहियाबाद म्हणविले. पुणेकरांनी ते मनावर घेतले नाही. उलट मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात देवगिरीस दौलताबाद केले ते टिकून राहिले. खडकी हे खेडे मलिक अंबराने १६१० साली शहर म्हणून वसविले. त्याच्या मुलाने त्यास फत्तेनगर म्हटले, आणि १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याचे औरंगाबाद झाले. पन्नास वर्षांच्या आत एका शहराने तीन नावे घेतली! राजा बलाढ्य होता म्हणून नाव टिकले असे म्हणावे, तर औरंगजेबाचेच मुहियाबाद का बुडाले? आमच्या अल्पबुद्धीस याचे उत्तर असे दिसते की, ज्या गावाचे जुने नाव घराघरांत खोल रुजलेले असते तेथे राजाज्ञा वरच्यावर वाहून जाते. आणि जेथे गावच नव्याने वाढते, बाहेरून वस्ती येते, तेथे नवे नाव नव्या माणसांबरोबर नांदू लागते.

आपल्या दोन जिल्ह्यांचीच उदाहरणे पाहावीत. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लत्तलूर नगरीचे स्वामी’ म्हणवीत. त्या लत्तलूरचे लातूर झाले ते कोणा राजाच्या हुकुमाने नव्हे, तर हजार वर्षांच्या बोलण्याने. नांदेडचे तर अधिकच नवल. जुन्या लेखांत त्याचे नंदितट असे रूप सापडते. १७०८ साली श्री गुरू गोविंदसिंगजी येथे ज्योतीत विलीन झाले, तेव्हापासून शीख बांधव या नगरीस अबचलनगर म्हणतात. तीनशेहून अधिक वर्षे ते तसे म्हणत आहेत, आणि त्यामुळे नांदेडचे नांदेडपण तिळभरही कमी झाले नाही. आज रेल्वे स्थानकाच्या पाटीवर ‘हुजूर साहिब नांदेड’ असे आहे. जुने नाव पुसले नाही, त्याच्या शेजारी दुसरे मानाने बसविले. ही पाटी आमच्या नजरेसमोरून हलत नाही. तिच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

येथे आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गुरुजींनी १६९९ साली खालसा पंथाची स्थापना केली त्या वेळी शिर देण्यास जे पाच पुरुष पुढे झाले, त्यांत बिदरचे साहिबचंद हे एक. ते आपल्याच व्यवसायाचे, न्हावी होते. त्या दिवशी ते साहिबसिंग झाले. एवढेच नव्हे तर स्वतः गुरूही त्याच दिवशी गोविंदरायाचे गोविंदसिंग झाले. नाव बदलणे ही गोष्ट मुळातच खोटी किंवा थिल्लर आहे असे जे म्हणतात, त्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे. मात्र तेथे नाव घेणारा स्वतः उठून पुढे आला होता. बिदरच्या त्या न्हाव्यावर कोणी नाव लादले नव्हते.

आणि आपण तरी काय केले? आमच्या आजोबांस गावकरी ‘वारीक’ म्हणून हाक मारीत. निजामी दप्तरात त्यांची जात ‘हज्जाम’ अशी उर्दूत लिहिलेली आहे. वडिलांच्या कागदावर ‘न्हावी’. आमच्या पिढीने ‘नाभिक’ हे नाव अभिमानाने धारण केले, मंडळाच्या फलकावर तेच आहे. तीन पिढ्यांत चार नावे झाली. यात हात तोच, वस्तरा तोच, आणि श्री संत सेना महाराजही तेच. ‘हज्जाम’ या शब्दात मुळात काही हीन नव्हते. पण तो ज्या सुरात उच्चारला जाई त्या सुराने आमच्या वाडवडिलांचे काळीज चिरले जात असे, म्हणून त्यांनी दुसरे नाव मागितले. तेव्हा नावात काय आहे असा पंडिती प्रश्न निदान या स्मरणिकेच्या वाचकांनी तरी विचारू नये. नावात काय असते ते आपण भोगले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तोही याच कारणाने, आणि तो योग्यच झाला.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. सांगण्यास संकोच वाटतो. पण या लेखाचे खरे कारण तीच आहे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका खेड्यातील शाळेवर आम्ही होतो. जूनमध्ये प्रवेशाचे काम चालले असता आपल्याच समाजातील एक गृहस्थ मुलास घेऊन आले. जात विचारली, त्यांनी ‘वारीक’ सांगितली. जन्मगाव विचारले, त्यांनी ‘वाढोणा’ सांगितले. आमच्या अंगी तेव्हा सुधारणेचे वारे होते. वारीक काय लिहावयाचे, म्हणून आम्ही प्रवेश निर्गम नोंदवहीत सुवाच्य अक्षरांत ‘नाभिक’ लिहिले. आणि वाढोणा हे सरकारी नाव नव्हे, म्हणून ‘हिमायतनगर’ लिहिले. आपण एका अडाणी बापाच्या मुलास दोन चांगली नावे दिली, अशा समाधानात आम्ही वही मिटली.

तीस वर्षांनी तोच मुलगा, आता केस पिकलेला बाप, आमच्या दारी आला. हातात कापडी पिशवी, तीत कागदांच्या छायाप्रती. मुलीस शिक्षणासाठी प्रवेश मिळत होता आणि जातवैधता प्रमाणपत्र हवे होते. इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो, हे आपल्यापैकी ज्यांनी ती पायरी चढली आहे त्यांस ठाऊकच आहे. त्याच्याजवळ पुरावा होता. आजोबांचा निजामी काळचा कागद होता; उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध मौलवींकडून त्याने तो वाचवून घेतला होता. त्यात जात ‘हज्जाम’ आणि गाव ‘वाढोणा’. त्याच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर जात ‘नाभिक’ आणि गाव ‘हिमायतनगर’. कचेरीत त्यास विचारण्यात आले की हा वाढोण्याचा हज्जाम आणि हा हिमायतनगरचा नाभिक एकाच घराण्यातले कशावरून? आणि हे वाढोणे तरी कोणते? प्रश्न सर्वस्वी गैर होता असे म्हणवत नाही. वाढोणा बाजार यवतमाळ जिल्ह्यात आहे, वाढोणा रामनाथ अमरावती जिल्ह्यात आहे, चंद्रपूरकडे नागभीडजवळ वाढोणा आहे, आणि आपल्या शेजारी उदगीर तालुक्यात वाढवणा आहे.

“गुरुजी, हे तुमच्याच हातचं अक्षर हाय न्हवं?” त्याने दाखला पुढे करून विचारले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरे वाटले असते.

चौकशी झाली, वंशावळ झाली, जुने शेजारी जबाबास आले. त्यांत एक सलमानी, म्हणजे आपल्याच व्यवसायातले मुसलमान वृद्ध गृहस्थ होते. ‘यांचे आजोबा आणि माझे वालिद एकाच वडाखाली बसून दाढ्या करीत’ असे त्यांनी सांगितले. अखेर प्रमाणपत्र मिळाले; पण तोवर त्या वर्षीचा प्रवेश हुकला होता. मुलगी पुढल्या वर्षी शिकावयास गेली. एक वर्ष गेले, एवढेच म्हणावयाचे. परंतु ते वर्ष आम्ही आमच्या सुंदर अक्षराने खाल्ले, हे आम्ही विसरू शकत नाही.

जुन्या कागदास काय मोल असते, हे आता सबंध मराठवाड्यास कळून चुकले आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा निजामी दप्तरांवरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे शोधत फिरावे लागले. फसली सन म्हणजे काय, हे तरुण कारकुनांस नव्याने शिकावे लागले (फसली सनात साधारणतः ५९० मिळविले की इसवी सन येतो, हे वाचकांनी टिपून ठेवावे, आम्ही मुलांस गणिताच्या तासाला शिकवीत असू). त्या दप्तरांत आपली गावे ज्या नावांनी लिहिली आहेत, त्याच नावांनी ती शोधावी लागतात. म्हणजे नावाची एक कडी तुटली की माणूस स्वतःच्या आजोबांपासून तुटतो.

म्हणून गावाचे नाव बदलावे की न बदलावे या प्रश्नाकडे आम्ही केवळ अभिमानाच्या अंगाने पाहू शकत नाही.

नाव बदलण्याचे काम वाटते तितके सोपे नसते. केंद्रीय गृहखात्याने १९५३ साली राज्यांस काही सूचना दिल्या आणि आजही त्यांस धरूनच प्रस्ताव तपासले जातात. लोकांच्या सवयीची नावे विशेष कारण असल्यावाचून बदलू नयेत, ऐतिहासिक संबंध असलेल्या नावांस शक्यतो हात लावू नये, केवळ स्थानिक अभिमान हे कारण पुरेसे मानू नये, आणि नवे नाव राज्यात किंवा शेजारी दुसऱ्या गावाचे असून घोटाळा होणार नाही हे पाहावे, अशा त्या आशयाच्या आहेत. रेल्वे, टपाल व भारतीय सर्वेक्षण या खात्यांचे म्हणणेही घेतले जाते. या कसोटीवर आपला प्रस्ताव घासून पाहिला तर मौज वाटते. ऐतिहासिक संबंध म्हणाल तर तो ‘वाढोणा’ या नावास अधिक जुना आहे आणि ‘हिमायतनगर’ यास अधिक लेखी आहे. सवयीचे म्हणाल तर दोन्ही. पण घोटाळ्याच्या कलमावर मात्र वाढोणा अडते, कारण वाढोणी अनेक.

औरंगाबादचा प्रवास आपण डोळ्यांनी पाहिला आहे. १९८८ सालच्या सभेत श्री. बाळासाहेब ठाकरे यांनी संभाजीनगर हे नाव उच्चारले. १९९५ साली शासनाने अधिसूचना काढली, ती न्यायालयात गेली, पुढे २००१ साली मागे घेण्यात आली. २०२२ च्या जूनमध्ये एका मंत्रिमंडळाने निर्णय केला, जुलैत दुसऱ्याने ‘छत्रपती’ हे पद जोडून तो पुन्हा केला, आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगर व धाराशिव या दोन्ही नावांस केंद्राची मान्यता आली. त्यानंतरही जिल्हा व तालुक्याच्या नावाची अधिसूचना सप्टेंबरात वेगळी निघाली. ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. त्या न्यायालयाचे इंग्रजी नाव अद्याप ‘बॉम्बे’च आहे, हा योगायोग आमच्यासारख्या शाळामास्तराच्या नजरेतून सुटत नाही! परदेशातही असेच दिसते. रशियातील सेंट पीटर्सबर्ग १९१४ साली पेट्रोग्राड झाले, १९२४ साली लेनिनग्राड झाले, १९९१ साली लोकांचा कौल घेऊन परत सेंट पीटर्सबर्ग झाले. पण भोवतालच्या प्रांताचे नाव अजून लेनिनग्राडच राहिले आहे. सारांश, नाव एका सहीने बदलत नाही. शहराचे, तालुक्याचे, स्थानकाचे, सातबाऱ्याचे नाव वेगवेगळ्या टेबलांवरून जाते, आणि मधल्या काळात गरीब मनुष्य दोन टेबलांच्या फटीत सापडतो.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. निजामाच्या जुलमाविरुद्ध या मुलखाने प्राण दिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्या मुक्तीनंतरही राजपुत्राचे नाव आम्ही कपाळी का मिरवावे, असे तरुण विचारतात तेव्हा त्यांचे तोंड बंद करण्याचा आम्हांस अधिकार नाही. मोमिनाबादचे पुन्हा अंबाजोगाई झाले आणि आज कोणास त्यात काही विशेष वाटत नाही. धाराशिव हे नाव तर शंभर वर्षे बोलण्यात जिवंत होते. तेथे नवे काही केलेच नाही, बोलणे तेवढे कागदावर आणले. वाढोण्याचेही तसेच आहे. ज्या नावाने यात्रा भरते, ज्या नावाने सोयरीक सांगितली जाते, ते नाव सरकारी कागदावर नसावे हा अन्यायच होय. ज्याचे नाव त्याने सांगितलेले लिहून घ्यावे, हे आम्ही फार उशिरा शिकलो. तो बाप ‘वाढोणा’ म्हणाला होता.

तेव्हा आमचे मत कोणी विचारील तर वाढोण्याचे वाढोणे व्हावे, याच्या बाजूचे आम्ही आहोत. परंतु त्यास दोन अटी आहेत, आणि त्या आम्ही सोडणार नाही.

एक तर तिसरे नाव नको. नामांतराची चर्चा निघाली की कोणी एका थोर पुरुषाचे नाव सुचवितो, कोणी दुसऱ्याचे, आणि पाहता पाहता गाव बाजूला राहून थोर पुरुषांतच कुस्ती लागते. आपल्या गावी महाविद्यालयास हुतात्मा जयवंतराव पाटील यांचे नाव आहे. ती थोरांच्या स्मृतीची योग्य जागा आहे. नव्या इमारती, नवे रस्ते पुष्कळ होणार आहेत, त्यांस हवी ती पूज्य नावे द्यावीत. गावास त्याचे स्वतःचे नाव आहे.

दुसरी अट अधिक महत्त्वाची. हिमायतनगर हे नाव पुसू नये, जोडून ठेवावे. येथे नामांतराच्या इतिहासातील सर्वांत दुःखद अध्याय आठवल्यावाचून गत्यंतर नाही. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि खेडोपाडी दलित वस्त्या पेटल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःस जाळून घेतले. एका नावासाठी सोळा वर्षे आणि इतके प्राण गेले. त्या दिवसांत आपला समाज कोठे होता, हेही एकदा लिहिले पाहिजे. कित्येक गावांत आपली माणसे दलित बांधवांची हजामत करीत नसत. गावाच्या धाकाने म्हणा किंवा स्वतःच्या मनातील विटाळाने म्हणा. स्वतःस हज्जाम म्हटलेले ज्यांस सोसत नव्हते, तेच दुसऱ्याच्या डोक्यास हात लावावयास तयार नव्हते. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पण आमच्या घरीही तेच चालत असे. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी तोडगा निघाला तो नामविस्ताराचा. मराठवाडा हे नाव राहिले आणि बाबासाहेबांचे नाव त्याच्या आधी आले. आज त्या नावाने पदवी घेताना कोणाचा हात थरथरत नाही. एवढी साधी वाट अगोदर सापडली असती तर, असे राहून राहून वाटते.

वाढोण्याच्या बाबतीत प्राण जाण्याचा प्रसंग नाही आणि ईश्वरकृपेने येणारही नाही. पण गावात मुसलमान बांधवांची मोठी वस्ती आहे. हिमायतनगर हे नाव त्यांस राजपुत्राचे म्हणून प्रिय आहे असे नव्हे. त्यांच्याही तीन पिढ्या त्याच नावाच्या दाखल्यांवर जगल्या, हे कारण पुरे आहे. साक्षीस आलेले ते सलमानी वृद्ध स्वतः बोलताना ‘वाढोणा’च म्हणत. त्यांस बोलावून, समोर बसवून विचारले तर ते नाही म्हणतील असे आम्हांस वाटत नाही. न विचारता केले तर मात्र निजामाने जे केले तेच आपण केले, एवढाच त्याचा अर्थ होईल.

जोडणी कशी करावी याचा नमुना दूर शोधावयास नको. इतर मागासवर्गाच्या सरकारी यादीत ‘न्हावी’ या नावाशेजारी त्याची पर्यायी नावेही दिलेली आहेत. जो कोणी ती यादी करावयास बसला, त्यास आमचे नमस्कार. त्याने एक नाव खरे आणि बाकीची खोटी असा निवाडा केला नाही. एकाच माणसाची ती सारी नावे आहेत, एवढे लिहून ठेवले. त्या एका ओळीवर आज आपल्या हजारो मुलामुलींचे शिक्षण उभे आहे. गावाच्या बाबतीत अशी ओळ राजपत्रात स्पष्ट हवी: वाढोणा, पूर्वीचे हिमायतनगर, आणि त्यापूर्वीचेही वाढोणा, तालुका तोच, जिल्हा नांदेड. ‘तालुका तोच’ हे शब्द गाळू नयेत, म्हणजे यवतमाळचे आणि अमरावतीचे वाढोणे आडवे येणार नाही. स्थानकाच्या पाटीवर नांदेडसारखीच दोन्ही नावे असली तरी चालतील. जुन्या दाखल्यांवरचे हिमायतनगर सर्व कचेऱ्यांनी विनातक्रार ग्राह्य धरावे, आणि असा आदेश नामांतराच्याच दिवशी निघावा, नंतर केव्हा तरी नव्हे.

आमच्या तरुण मित्रांस हे मिळमिळीत वाटेल. त्यांस घोषणा हवी असते, आणि राजपत्रातील ‘पूर्वीचे’ या शब्दाची घोषणा होत नाही हे आम्हांसही कळते. एकाने तर आम्हांस विचारले, “गुरुजी, तुम्ही नाभिक झालात तेव्हा शेजारी कंसात हज्जाम लिहून फिरलात काय?” प्रश्न बिनतोड होता. छातीवर लिहून फिरलो नाही, हे खरे. परंतु मुलीच्या अर्जासोबत आजोबांचा ‘हज्जाम’ लिहिलेला कागद लावावा लागला तेव्हा तो आम्ही मानाने लावला, आणि जपून ठेवणाऱ्या आजीचे उपकार स्मरले.

तेव्हा या लेखाच्या निमित्ताने एक विनंती. ज्यांच्या घरी ‘वाढोणा’ असा उल्लेख असलेला निजामी काळचा किंवा त्यानंतरचा कोणताही कागद असेल, मग तो खासरा पत्रकाचा उतारा असो, जमिनीची पावती असो, शाळेचा दाखला असो की लग्नाची पत्रिका असो, त्यांनी त्याची छायाप्रत येत्या वार्षिक सभेस सोबत आणावी. मूळ कागद आणू नये, तो घरीच सुरक्षित राहू द्यावा. उर्दूतील कागद वाचून देण्याचे ते मौलवीसाहेबांनी मान्य केले आहे. मोडीसाठी आम्ही स्वतः बसू. प्रत्येक प्रतीवर घराण्याचे नाव, आणि वाढोणा व हिमायतनगर ही दोन्ही गावनावे, पेनने लिहून आणावीत, पेन्सिलीने नको.